‘सेव्ह झालं’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या एका खासगी दवाखान्यासाठी — नाव नको — मी पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. काउंटरवर रेखाताई बसायच्या. रोज करमाडहून यायच्या. नोंद थेट डिस्कवर लिहून झाली की मगच पडद्यावर ‘सेव्ह झालं’ असं यायचं. त्यात वेळ जायचा, रांग वाढायची, डॉक्टर माझ्यावर वैतागायचे. मग मी एक बदल केला. नोंद आधी नुसती मेमरीत ठेवायची, डिस्कवर नंतर सवडीनं, बऱ्याच नोंदी एकदम लिहायच्या. ‘सेव्ह झालं’ मात्र लगेच दाखवायचं.

खोटंच ना ते? मधल्या वेळात वीज गेली तर नोंद गेली — हे मला पक्कं ठाऊक होतं. पण इन्व्हर्टर आहे की, म्हटलं. कुणाला बोललो नाही. रांग हलायला लागली, डॉक्टर खूश झाले. मला बरं वाटलं.

एका दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टरही बंद पडला. संध्याकाळी खुलताबादच्या एका बाईंना नेमकं त्यांना न चालणारं इंजेक्शन दिलं गेलं. ॲलर्जीची नोंद कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. बाई वाचल्या — पण व्हेंटिलेटरवर जाऊन.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“सर, मी टाकलं होतं,” रेखाताई म्हणाल्या. “सेव्ह झालं म्हणून आलं बी होतं.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. “असं होऊ शकतं का?”

किती सोपा प्रश्न होता. आणि मी — मी म्हणालो, “नाही. बटण दाबायचं राहिलं असेल.”

रेखाताई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर दुसरंच कुणी बसू लागलं. तोवर मी सॉफ्टवेअर गुपचूप पहिल्यासारखं करून टाकलं होतं.

गेल्या वर्षी करमाडच्या स्टँडवर त्या दिसल्या. मी तोंड चुकवणार होतो, त्यांनीच हाक मारली. आग्रहानं चहा पाजला. घरचं विचारलं. मग म्हणाल्या, “सर, तेव्हा मला वाटायचं, मी टाकलंय. आता वाटतं, नसंलच टाकलं. त्या बाईचं लई मनाला लागतं. माझंच चुकलं — व्हय ना?”

तेव्हा आमच्याजवळ कुणी नव्हतं. डॉक्टर नव्हते, त्या दवाखान्याचं कामही आता माझ्याकडं नव्हतं. भ्यायचं कशाला होतं?

“होतं असं कधी कधी,” मी म्हणालो. आणि चहा संपवला.