पायांची अढी

“खुब्यात लोखंड हाय म्हनं तिच्या. बाळंत झाली खरी, पर पुढं कसं व्हायचं?” दाराबाहेर शेजारच्या काकू हळू आवाजात विचारत होत्या.

“लोखंड तिच्या खुब्यात हाय, तुमच्या पोटात का दुखतंय?” हा आवाज मात्र तीन घरं ओलांडून गेला असेल. मावशींना कुजबुजता येत नसे. धाराशिवला माझ्या माहेरच्या गल्लीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला त्याच येत, आणि त्या आल्या की घरातलं काही झाकलेलं राहत नसे. मला त्यांची भीतीच वाटायची.

मी खाटेवर पडून ऐकत होते. बाळ चार दिवसांचं होतं. पाच वर्षांपूर्वी मांडीच्या हाडाचा गोळा रक्त न मिळाल्यानं झिजला आणि सोलापूरला माझा उजवा खुबा बदलला. मला मूल होईल का, ही चर्चा माझ्यासमोर कुणी केली नाही, माझ्यामागं सगळ्यांनी केली. झालं. डाव्या कुशीवर पडून, एक अख्खा दिवस घेऊन, पण नीट झालं. आता जपायचं होतं. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. सांधा निसटला तर पुन्हा ऑपरेशन. डॉक्टरांनी हे इंग्रजीत सांगितलं होतं आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या मी ते तसंच मनात ठेवलं होतं. मराठीत ते कुणाला सांगायची वेळ मी येऊच दिली नव्हती.

मावशींनी त्या दिवशी तेल लावलं, शेक दिला आणि माझा उजवा पाय उचलून डाव्यावर टाकला. “अशी अढी घालून निजायचं. वारं शिरत न्हाय.” बाळंतिणीला आमच्याकडं असंच निजवतात. जांघेत कळ आली. मी खाटेची पट्टी धरली, पण बोलले नाही. त्यांनीच माझ्या बोटांकडं पाहिलं.

“दुखतंय?”

मी मान डोलावली. कच्चं मडकं उचलावं तसा दोन्ही हातांनी त्यांनी पाय जागेवर ठेवला. मग भडकल्या. “आगं, तोंड हाय का न्हाय तुला? चाळीस वर्सं बाया निजवतीया म्या, मला कोन शिकवनार? तूच की!”

दुसऱ्या दिवशी कामाआधी त्या जमिनीवर बसल्या. “हं, सांग. काय काय करायचं न्हाय?” मी एकेक सांगितलं, त्यांनी बोटांवर धरलं. पुन्हा कधी विचारावं लागलं नाही. गुडघ्यांमधली उशी त्या स्वतः ठेवत. भेटायला येणाऱ्या बायांना दारातच दम देत, “तिला खाली बसवायचं न्हाय!” मला ते फार सोयीचं होतं.

बाळाला मात्र त्या आपल्या पसरलेल्या पायांवर न्हाऊ घालत, आणि उठताना भिंत धरत. त्यांचेही गुडघे गेले होते. डॉक्टरांना दाखवा, असं मी एकदा म्हणाले.

“कशाला? तुझं जुनं झालं की मला दे.”

त्या हसल्या. माझ्यात हसण्याचंही त्राण नव्हतं. झोप नव्हती, दूध पुरत नव्हतं, आजचा दिवस कालच्यासारखाच जात होता. त्यांनी बाळाला कोरडं करून माझ्या कुशीत दिलं आणि म्हणाल्या, “म्या सव्वा महिना हाय. फुडं?”

सव्वा महिन्याला बारसं झालं. त्यानंतर आठवड्यातच मावशींना त्यांच्या मुलीनं बार्शीला नेलं आणि वर्षभरात त्या तिथंच वारल्या. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बारशाला.

जळकोटहून सासरची माणसं आली होती. सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्नानंतर आम्ही पुण्यात राहत असल्यानं, मला जन्मात खाली बसता येणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी हौसेनं पाळण्यासमोर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. “ये, बस. ओटी भरू.”

आई पदराशी चाळा करत राहिली. मी उंबऱ्याशी बसलेल्या मावशींकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. मी वाट पाहिली. त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं आणि ओठ मिटून घेतले.

“काय गं? बस की,” आत्या म्हणाल्या. ताट धरलेल्या बाया थांबल्या होत्या.

“आत्या, मला खाली बसता येत नाही. आजच नाही, कधीच येणार नाही. मला खुर्ची लागेल.”