कासुर्डीला ठेवलेलं कुत्रं

केंदूरला सासरे दिवसभर ओसरीवर बसत. त्यांच्यापुढं माझा आवाज निघत नसे. कुणी मनाई केली नव्हती, माझा स्वभावच तसा. त्यामुळं झेंडूच्या वाफ्यात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू मी शिकवलं ते हातानं. तळवा खाली केला की बसायचं, दोन बोटं जुळवली की यायचं. चुकलं तर मी रागवत नसे. भाकरीचा तुकडा पदराआड घ्यायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू करायचं. हाक मारायची नव्हती म्हणून नावही ठेवलं नाही. भांडी घासताना मान वर केली की ते माझ्या हातांकडं बघत असायचं. त्या घरात माझ्याकडं इतकं लक्ष देऊन दुसरं कुणी बघत नव्हतं.

पुढं ह्यांना कंपनीत काम लागलं आणि आम्ही शिरूरला भाड्याच्या खोलीत आलो. घरमालकीण पहिल्याच दिवशी म्हणाली, कुत्रं चालणार नाही. केंदूरला जाऊबाई त्याला दारात उभं करीनात. शेवटी ह्यांनी ते टेम्पोत घालून कासुर्डीला वन्संकडं, म्हणजे माझ्या नणंदेकडं नेऊन ठेवलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते!

महिना झाला नसेल, खालच्या दुकानात वन्संचा फोन आला.

"अगं, ते तुझं बहिरं हाय का काय? आबा घसा फोडत्यात आन् ते नुसतं तोंडाकडं बघतंय. कोंबड्यांच्या मागं लागतंय. आबा म्हणत्यात, सोलापूर रोडला सोडून येतो."

त्या रस्त्यावरचे ट्रक माझ्या डोळ्यांपुढं आले. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं निघाले, चौफुल्याला गाडी बदलली. एकटीनं एवढ्या लांब मी पहिल्यांदाच गेले.

मला बघून ते अंगावर आलं नाही. अंगावर यायचं नाही हे त्याला माहीत होतं. पायाशी येऊन बसलं. बसल्या जागी त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

वन्संचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, खाटेवर बसले होते. "दाव बरं, तुझं कसं ऐकतंय ते."

मी लांब जाऊन बोटं जुळवली. ते आलं. तळवा खाली केला, बसलं.

आबा हसायलाच लागले. "आरं तिच्या! मुक्याची शाळा हाय व्हय ही! पोरी, माझ्या एका हातात काठी, दुसऱ्यात बिडी. मी हात कुठनं आणू?"

मग मी असं केलं. आबांनी "बस" म्हणायचं, लगेच त्यांच्या मागं उभं राहून मी तळवा खाली करायचा आणि तुकडा आबांनी द्यायचा. पण आबा "बस, बस, आरं बस की लेका" असं म्हणत राहत. मी वन्संच्या कानाशी लागले, "एकदाच म्हणा म्हणावं."

वन्सं ओरडल्या, "आबा, मास्तरीणबाई म्हणत्यात, एकदाच म्हणा!"

"तिला म्हणावं, आता न्हाई चुकायचो. शाळंतनं काढू नको."

मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तळवा अर्धाच खाली केला. मग नुसतं बोट हलवलं. मग हात पदरात घेतला. आबा म्हणाले, "बस," आणि ते बसलं. कोंबडी पुढनं गेली तर आबा "न्हाई" म्हणत आणि ते मान वळवून त्यांच्याकडं बघे. मला सगळं दिसत होतं. नीट शिकलं तर ते इथं जगेल, पण माझं राहणार नाही. नाही शिकलं तर रस्त्यावर जाईल. एकदा मनात आलं, बोट मुद्दाम चुकीचं हलवावं. पण मग त्याला ठेवू कुठं?

शेवटची गोष्ट राहिली होती. घरात लहान लेकरं होती, त्यांच्या हातातला घास ओढू नये म्हणून आबांनी "खा" म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही हे शिकवलं. तेही ते लवकर शिकलं.

निघायच्या दिवशी मी माझ्या ताटातला चपातीचा तुकडा मोडून त्याच्यापुढं धरला. ते माझ्या हाताजवळ आलं, वास घेतला. मग मान वळवून आबांकडं बघत राहिलं. तोंडातनं लाळ गळत होती. मी तुकडा आणखी जवळ नेला. ते दोन पावलं मागं सरलं.

"खा," आबा म्हणाले. तेव्हा खाल्लं.

आबांचा चेहरा फुलला. "बघितलंस का! आता ह्याला कोण सोडतंय! मरंस्तवर हितंच ऱ्हाईल."

मी मान हलवली.

फाट्यावर गाडी लगेच मिळाली. खिडकीकडं तोंड करून बसले तरी शेजारच्या बाईला दिसलंच. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"माहेरावरनं निघालीस व्हय गं?"

"व्हय," मी म्हटलं.

"रडून घे बाई," ती म्हणाली आणि मला टेकायला जागा करून दिली.