शेंदराखालची लेकुरवाळी

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या त्या दोन खोल्यांना संग्रहालय असं कुणी म्हणत नसे. 'मूर्त्यांचं ऑफिस' म्हणत. जुन्या सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला त्या होत्या. आत काही वीरगळ, कुठल्याशा पडलेल्या देवळाच्या चौकटीचे तुकडे, खापरं आणि एक बिनशिंगाचा नंदी. येणारे बहुतेक लोक कचेरीच्या कामाला आलेले असत. साहेब जेवून येईपर्यंत ते आमच्याकडे सावलीला टेकत. आमचा पंखा चांगला होता.

मी पांढुर्ण्याची. वडील शाळेत मास्तर होते. मी नागपूरला प्राचीन इतिहास शिकले, लग्न होऊन सौंसरला आले आणि काही वर्षांनी या खोल्यांची देखरेख माझ्याकडे आली. सासूबाईंना माझ्या नोकरीचं कौतुक होतं, पण ती नेमकी कशाची नोकरी आहे हे त्यांना उमगत नव्हतं. संध्याकाळी चहा देताना विचारायच्या, "दिवसभर त्या दगडांजवळ बसून काय करून राहिली तू?" मी सांगायचे, "राखण करते, आई." त्यावर त्या म्हणायच्या, "कोन नेते वं दगड?"

त्यांचं माहेर मोहगावच्या बाजूला. गावाबाहेर नाल्याच्या काठी एक कडुलिंब होता आणि त्याच्याखाली लेकुरवाळी. शेंदराचे इतके थर चढलेले की मांडी घालून बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचा एक उंचवटा, एवढंच कळे. तो उंचवटा म्हणजे लेकरू. गावातली बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडली की पहिल्यांदा बाळाला घेऊन तिच्याकडे जाई. माझ्या नवऱ्याला आजोळी असताना तिच्या पायाशी घातलं होतं, माझ्या मुलीलाही घातलं. त्या दिवशी मुलीला खाली ठेवताना माझ्या मनात आलं होतं, या शेंदराच्या आत केवढं कोरीव काम असेल! पण मी बोलले नाही. जिथे पूजा चालू आहे तिथली मूर्ती हलवायची नाही, हे मी शिकले होते, आणि मनापासून मानतही होते.

मग एका उन्हाळ्यात वादळ झालं. संत्र्यांच्या बागा झोडपल्या, लहान लहान फळांचा सडा पडला. सासूबाईंच्या थोरल्या भावाचा, म्हणजे आमच्या मामांचा, फोन आला. बागेचं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "लेकुरवाळीवर लिंबाची खांदी पडली. लेकराचा हात तुटला. आता येत्या अमावस्येले कन्हानीत सोडून देतो म्हणून राहिले समदे."

सासूबाई फोन हातात धरून तशाच बसून राहिल्या. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, ती पाण्यात सोडतात, ही रीत मलाही ठाऊक होती. पण नदीत गेलेली मूर्ती परत येत नाही. वाळूखाली जाते, पुरात घरंगळते, दगडाचा पुन्हा दगड होतो.

मी पुरातत्त्व खात्यातल्या आमच्या साहेबांना फोन लावला. ते जिल्ह्याच्या ठिकाणी बसत, हिंदी बोलत आणि कमी बोलत. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "पुलिस चाहिए?"

"नहीं सर. मेरी सास का मायका है."

ते म्हणाले, "ठीक है. मूर्ति आनी चाहिए, झगड़ा नहीं आना चाहिए." हुकूम काढून मोकळं होणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी ते केलं नाही, हे मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सासूबाई आणि मी निघालो. मारुतीच्या पारावर मंडळी जमली होती. मी उभी राहून बोलले. मूर्ती किती जुनी असावी, या भागात असं काम किती थोडं उरलंय, ती गेली तर आपल्या लेकरांना काय दाखवणार, सगळं सांगितलं. लोकांनी मान डोलवत ऐकलं. कुणी पाणी आणून दिलं. पण कुणाचं मन हललं नाही, हे मला बोलता बोलताच कळत होतं.

मामा म्हणाले, "बाई, तू आमच्या घरची सून हायेस म्हणून ऐकून घेतलं. पन तुमी लोकं तिले कोपऱ्यात उभी करसान. चपला घालून कोनीबी तिच्यापुढं फिरन. त्याच्यापेक्षा नदी बरी."

मामांचं खरं होतं. आमच्या खोल्यांत लोक चपला घालूनच फिरत होते.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. माहेरच्या पारावर, पुरुषांच्या बैठकीत, त्या कधी बोलल्या नव्हत्या. पदर सावरून त्यांनी भावाला विचारलं, "दादा, आपली माय आंगनात पडली होती, तिचा हात मोडला होता, आठवते का?"

"आठवते ना."

"तवा तू तिले कुठं नेलं?"

"कुठं म्हंजे? सौंसरले. दवाखान्यात."

"नदीवर त नाई नेलं ना?"

मामांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"हिलेबी सौंसरलेच नेऊन राहिलो आपन," सासूबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बराच वेळ कुजबुज चालली. मग मामांनी एकच अट घातली, तिच्या खोलीत चपला चालणार नाहीत. मी तिथूनच साहेबांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडून आवाज आला, "चप्पल बाहर. मंज़ूर. और कुछ?" पारावर हसू फुटलं. एक म्हातारी म्हणाली, "साहेब बरा हाये वं."

लेकुरवाळी निघाली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. खाली कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर, त्यावर गाद्या, आणि चहूबाजूंनी गावातल्या बाया तिला धरून बसलेल्या. निघताना तिची ओटी भरली. तुटलेला चिमुकला हात सासूबाईंनी पदरात बांधून घेतला होता. खड्डा आला की बाया ट्रॅक्टरवाल्याला ओरडायच्या, "हळू रे बाप्पा, लेकरू हाये मांडीवर!"

भोपाळहून एक बाई आल्या, मूर्तींची दुरुस्ती करणाऱ्या. बारीक लाकडी काड्या, कापूस, औषधाच्या बाटल्या घेऊन त्या कामाला बसल्या. शेंदराचा एकेक पापुद्रा सुटू लागला. सासूबाई माझा डबा घेऊन दुपारी येत आणि तिथेच बसून राहत. घरून आणलेलं पितळी घंगाळ त्यांनी मूर्तीजवळ ठेवलं होतं. निघेल तो शेंदूर त्यातच पडायला हवा, पायदळी नको. भोपाळच्या बाईंनीही ते मनावर घेतलं. तपासणीला थोडासा डबीत ठेवून बाकी सगळा त्या घंगाळात जपून टाकत.

एके दिवशी चेहरा निघाला. काळ्या दगडातला, भरल्या गालांचा, खालचा ओठ किंचित पुढे आलेला. हसू आवरून धरावं तसा. आणि लेकराचा दुसरा, शाबूत हात आईच्या गळ्यातली माळ ओढत होता. आपली लेकरं ओढतात तशीच. मी आणि सासूबाई एकमेकींकडे पाहून रडायला लागलो. भोपाळच्या बाई म्हणाल्या, "अरे, मुझे काम करने दीजिए," आणि त्यांनीही चष्मा काढून पुसला.

तुटका हात जागेवर बसला. मग मी मोठ्या हौसेनं गावाला बोलावलं. चपलांची रांग बाहेर लागली. सगळे आत आले. एक म्हातारी पुढे झाली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे आमची नोहे. आमची लाल होती."

मला वाटलं होतं, सगळे हरखून जातील. मामा हळूच म्हणाले, "बाई, काम चांगलं झालं असंन. पन आमच्या आजापनज्यानं चढवलेला शेंदूर होता तो. त्याचं काय केलं?"

तेव्हा सासूबाईंनी कोपऱ्यातलं घंगाळ पुढे आणलं. वरचं फडकं बाजूला केलं. आत काठोकाठ शेंदराचे तुकडे होते. काही भगवे, काही विटकरी, सगळ्यात जुने काळपट. मामांनी एक तुकडा उचलून कपाळाला लावला. ती म्हातारी घंगाळाजवळ बसली आणि कितीतरी वेळ त्यात हात घालून राहिली.

विसर्जन झालं, पण शेंदराचं. पौर्णिमेला सकाळी डफड्यांच्या गजरात घंगाळ कन्हानीवर गेलं. मी मुलीला घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होते. भगवी धार पाण्यात लांबत गेली. काठावर येताना मामा मला म्हणाले, "जुनं लुगडं नदीले देल्लं. माय घरी हाये." इतक्या थोडक्यात आमच्या खात्यातल्या कुणाला ते सांगता आलं नसतं. निदान मला तरी नाही.

त्यानंतर आमच्या खोल्या बदलल्या. मूर्तीजवळच्या पाटीवर हिंदीत 'मातृका' हे खात्याचं नाव होतंच, त्याखाली मराठीत 'लेकुरवाळी' लिहिलं आणि गावाचं नावही. त्या गावच्या बाळंतिणी आता बाळाला घेऊन इथे येतात. मूर्तीला हात लावत नाहीत, समोरच्या ताटलीत फूल ठेवतात. एखादं बाळ नेमकं तिथेच रडायला लागतं आणि मग शेजारच्या खोलीत वीरगळांच्या सोबतीनं त्याला दूध पाजलं जातं. शाळांच्या सहली येतात. मी पोरांना विचारते, "लेकरू काय ओढून राहिलं सांगा?" आणि सगळी एकदम ओरडतात.

सासूबाईंचे गुडघे आता दुखतात, पण महिन्यातून एकदा तरी त्या येतात. आल्यागेल्याला स्वतःच सगळं दाखवतात, थोडं तिखटमीठ लावून. मी मध्ये बोलत नाही. नोकरीत मला अनेकांनी शिकवलं, पण त्या दिवशी पारावर उठून उभं राहण्याचं धाडस माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलं नसतं.

मागच्या हिवाळ्यात तिगावकडचे दोन भाऊ मोटारसायकलवरून आले. मध्ये पोत्यात गुंडाळलेला दगड. विहिरीच्या काठाला लावलेला होता, म्हणाले, त्यावर काहीतरी कोरलेलं दिसते. "गावात आयकलं का इथं बरं ठेवतात म्हनून. पाहा जी, कामाचा असंन त ठेवा, नसंन त आमी वापस नेतो."

मी पोतं उलगडलं. चिखलाखाली घोड्याचा एक पाय आणि लगामाचा तुकडा दिसत होता. त्या दोघांनी न सांगताच चपला दाराबाहेर काढल्या होत्या. मी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि पाण्याची बादली आणायला उठले.