संगणक बरा झाला, हे सांगायचं राहिलं

मी घरच्या संगणकात एकाच वेळी दोन फुकट अँटिव्हायरस टाकले, कारण मला दोघांतून एक निवडता आला नाही.

अभ्यास मी माझ्यापरीनं नीट केला होता. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला एकाचे गुण लिहिले, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे. एक हलका होता, माझ्या जुन्या संगणकाला झेपेल असा. दुसरा पेनड्राइव्ह लावल्याबरोबर तो तपासून घ्यायचा. दोघांच्या अटी मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. न वाचता 'मान्य आहे' म्हणणं मला अजून जमत नाही. शेवटी वाटलं, दोघंही काही न घेता देतायत, तर नाही कशाला म्हणा? एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसरा पकडेल.

दुसऱ्या दिवसापासून संगणक चालू व्हायला चहा करून, पिऊन, कप विसळून होईपर्यंतचा वेळ लागायला लागला. बाण जागच्या जागी गोठायचा. आतला पंखा घरघरत राहायचा. कोपऱ्यात लाल चौकट यायची, की अमुक फाइल संशयास्पद आहे. ती फाइल दुसऱ्या अँटिव्हायरसचीच असायची.

मी नाशिक रोडला एका कॉलनीत राहतो. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली, मूलबाळ नाही. ऑफिसातून आल्यावर संगणकावर काहीबाही लिहीत बसायचं, एवढाच माझा संध्याकाळचा उद्योग. तोही बंद पडला, तेव्हा रविवारी मी येवल्याला आक्काला फोन लावला.

आक्का माझी मोठी बहीण. सातवीनंतर ती वडिलांबरोबर पैठणीच्या मागावर बसली, म्हणून मी कॉलेजात बसू शकलो. हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, तीही नाही. चाळिशी उलटल्यावर डोळे दुखायला लागले, तेव्हा तिनं माग सोडला आणि झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. अख्ख्या गावाचे पेनड्राइव्ह तिच्या संगणकाला लागतात. त्यामुळे व्हायरस किती जातीचे असतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"बोल. काय काम काढलंस?" ती म्हणाली.

आमच्यात फोन असाच उचलतात. लहानपणी फोन करायचा म्हणजे बूथवर जायचं, आणि बूथवर काहीतरी घडल्याशिवाय कुणी जायचं नाही. ती सवय घरात राहून गेली. आई होती तोवर तिच्या गोळ्या, तिचे गुडघे, हे आमचं काम होतं. आई गेली आणि कामच संपलं. वर्षभरात आक्काचे नि माझे चारपाच फोन झाले असतील, तेही लग्नाचं आमंत्रण नाहीतर कुणी गेल्याचा निरोप.

मी संगणकाचं सांगितलं.

"कधीपर्यंत नीट चालत होता?"

"बुधवारपर्यंत."

"मग गुरुवारी काय केलंस त्ये सांग. धागा कुठं तुटला त्ये आधी बघायचं. पुढं ओढत बसलं की सगळं इस्कटतं."

मी दोन अँटिव्हायरसचं सांगितलं. पलीकडून हसू आलं.

"दोन? अरे साहेब, एका दारात दोन कुत्री बांधलीस. ती चोरावर कशाला भुकतील? एकमेकांवरच भुकणार."

"पण दोघंही चांगले आहेत, असं वाचलं होतं."

"चांगले हायत की. एक ठेव. आणि त्या लाल चौकटीचा फोटो काढून पाठव मला."

त्या फोनला पाऊण तास लागला. पुढच्या रविवारी तासभर. फोटोत तिला आणखी एक गोष्ट दिसली. कुठल्या तरी वेबसाइटनं 'सूचना पाठवू का?' असं विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. तिथून खोट्या इशाऱ्यांची रांग लागली होती.

"कुणी विचारलं की हो म्हणायचं, ही तुझी शाळेपासूनची खोड," आक्का म्हणाली. तिनं त्या सूचना बंद करायला लावल्या. त्यातच दुकानातल्या गोष्टी निघाल्या. एका आजोबांना पासवर्ड म्हणून नातवाचं नावच हवं असतं आणि त्यांना नातू सात. मी हसलो. घरात माझं हसू मला मोठ्यानं ऐकू आलं.

शेवटी तिनं सांगितलं, की नुसतं काढून टाकून दुसरा अँटिव्हायरस पुरता जात नाही, त्याचे तुकडे मागे राहतात. संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी जरुरीपुरताच चालू करायचा आणि त्याच कंपनीचं सफाईचं साधन चालवायचं.

शनिवारी मी ते केलं. वहीत लिहून घेतलेली एकेक पायरी, खूण करत. संगणक दोन मिनिटांत चालू झाला. लाल चौकट नाही, घरघर नाही. मी खुर्चीत बसून राहिलो. उद्या आक्काला सांगायचं, झालं बरं का. ती म्हणणार, बरं झालं, ठेवू मग? आणि पुढचा फोन कुणी गेल्यावर.

रविवारी तिनं विचारलं, "झालं का?"

"अजून तसंच आहे," मी म्हणालो.

"असं कसं? फोटो पाठव."

मी मागच्या आठवड्यातला फोटो पाठवला.

शाळेत असल्यापासून मी खोटं बोलायला घाबरतो. त्या दिवशी मात्र सहज बोललो. ती आणखी तासभर माझ्याबरोबर होती. संगणक समोर मुकाट चालू होता आणि मी "हो, दाबलं", "नाही, काही होत नाही" म्हणत होतो.

पुढच्या रविवारी सकाळी तिचाच फोन आला. मागे गाडीचा खडखडाट.

"निफाड सोडलंय. घरी हायस ना? असं फोनवर नाय व्हायचं ते. मीच बघते येऊन."

हातात तासाभराचा वेळ होता. दुसरा अँटिव्हायरस पुन्हा टाकला, की संगणक पहिल्यासारखा आजारी पडला असता. मी डाउनलोडही केला. 'मान्य आहे'चं बटण समोर आलं. तिनं दोन रविवार खपून जे सोडवलं होतं, ते पुन्हा गुंतवायला बोट धजेना. मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि भात टाकला.

आक्का आली, हातपाय धुतले, चष्मा लावून बसली. संगणक झटकन चालू झाला. तिनं अँटिव्हायरसची जुनी नोंद उघडली, बोटानं एकेक ओळ खाली सरकत गेली. मागावर नक्षी तपासायची तशीच.

"हे तर मागच्या शनिवारीच साफ केलंस."

"हो."

"मग रविवारचा तो फोटो?"

"आधीचा होता."

तिनं चष्मा काढला. "आठवडाभर डोकं खाल्लं मी माझं. उद्या फॉर्मची शेवटची तारीख हाय. दुकानापुढं पोरी उभ्या असतील आन् मी कुलूप लावून इथं! का केलंस असं?"

"झालं म्हणालो असतो, तर तू फोन ठेवला असतास."

"मग? ये म्हणायचं होतंस."

"काम नसताना?"

ती रागातच जेवली. ताट घासायला घेतलं, ते मी हातातून काढून घेतलं. स्टँडवर गाडी लागेपर्यंत आम्ही शेजारी उभे होतो, बघणाऱ्याला वाटलं असतं ओळख नसलेले दोघं. पायरीवर चढताना एवढंच म्हणाली, "पोचल्याचा फोन करणार नाय. गर्दी असंल."

तिनं केलाही नाही. तो आठवडा वाईट गेला. संगणक उत्तम चालत होता आणि मला त्यावर एक ओळ लिहावीशी वाटली नाही. एकदोनदा सवयीनं स्कॅन लावला. काही सापडलं नाही.

रविवारी अकराला मी नंबर लावला. हाताशी कारण कुठलंच नव्हतं. बराच वेळ रिंग वाजली.

"काय बिघडलं?" आवाज कोरडा होता.

"काही नाही."

"काहीच नाय?"

"नाही. सगळं नीट आहे."

पुढे काय बोलतात, ते मला खरंच माहीत नव्हतं. मग पलीकडे कुणीतरी आलं. आक्का म्हणाली, "थांब जरा, गिऱ्हाईक हाय."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आता तो बंद होईल म्हणून मी वाट पाहत राहिलो. झाला नाही. आक्का कुणाला तरी सांगत होती, की फोटोची मागची बाजू पांढरीच लागते, निळी चालत नाही, आणि टोपी काढा. तो माणूस टोपी काढायला तयार नव्हता. आक्का त्याच्याशी भांडत होती आणि मी कानाला फोन धरून बसलो होतो.