दामिनीच्या नावाने गेलेला मेल

छत्तीसगडमधल्या भिलाईत, हुडको कॉलनीत दामिनी राऊतच्या घरी चहाला बसा आणि त्या कोचिंगचा विषय काढा. ती हातातला कप खाली ठेवते आणि म्हणते, "त्यायनं अजूनही माफी नाही मागितली." या गोष्टीला आता बरेच महिने झाले, पण तिचा राग जरासुद्धा निवलेला नाही. आणि निवावा तरी का?

तिचे वडील हिरालाल भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातून आले, भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. दामिनी बी.कॉम. करून सुपेला भागातल्या एका कोचिंगमध्ये काउंटरवर बसायला लागली. आधी पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होते. त्यात लोक उघड तक्रारी करायला लागले, तसे मालक प्रवीण सरांनी ते बंद केले आणि सगळं मेलवर आणलं. मेलवर एकाची तक्रार दुसऱ्याला दिसत नाही ना! ते मेल लिहायचं काम दामिनीकडे आलं.

तिला ते काम आवडायला लागलं. आधीचे मेल म्हणजे नुसतं भाषण असायचं. 'हमारा गौरवशाली संस्थान' इथून सुरू होऊन तारीख कुठेतरी तळाशी. दामिनीने ते मोडलं. एका मेलमध्ये एकच गोष्ट. विषयाच्या ओळीत जे लिहिलं तेच आत. लिहून झालं की ती आईला वाचून दाखवायची. गिरजाबाई पाट्यावर चटणी वाटता वाटता ऐकायची आणि विचारायची, "मंग आता त्या मायबापानं करायचं काय?" आईने असं विचारलं की दामिनी समजायची, मेल अर्धवट आहे.

मोजायलाही ती शिकली. अर्ध्या पालकांना एक विषय, अर्ध्यांना दुसरा, मग कोणता जास्त उघडला ते बघायचं. पण उघडणं म्हणजे नुसतं दार वाजवणं, असं ती म्हणायची. लिंक कोणी दाबली, रविवारच्या फुकट क्लासला खरंच किती पोरं आली, हेही ती बघायची. 'इस रविवार फिज़िक्स के डाउट, सीधे टीचर से' असा साधा विषय तिने लिहिला, तेव्हा बसायला बाकं पुरली नाहीत. खाली तिचं नाव असायचं: दामिनी, पालक डेस्क. मार्केटमध्ये आया तिला ओळखून थांबवायच्या. "तूच का गं ते मेलवाली?"

मग रायपूरहून पियूष आला, मार्केटिंग हेड म्हणून. त्याला एकच आकडा कळत होता, ओपन रेट, म्हणजे शंभरातल्या किती जणांनी मेल उघडला. नवीन बॅच भरत नव्हती. एके दिवशी दुपारी त्याने स्वतः मेल लिहिला आणि सगळ्या पालकांना पाठवला. दामिनीला विचारलंही नाही. विषय होता: 'आपके बच्चे का नाम सूची से हटा दिया गया है।' आत खाली लिहिलं होतं, 'ऐसा न हो, इसलिए आज ही नए बैच में सीट पक्की करें।' आणि सगळ्यात खाली, दामिनी, पालक डेस्क.

ओपन रेट कधी नव्हे इतका चढला. पियूषने ऑफिसात पेढे वाटले.

पेढ्याचा डबा फिरत होता, तेवढ्यात कॅम्प-१ वस्तीतले लहानू मेश्राम आले. प्लांटमध्ये ठेकेदाराकडे वेल्डर. शिफ्ट अर्धी सोडून तसेच आले होते, अंगावर कामाचेच कपडे. त्यांची मोना इथे बारावीच्या बॅचला होती. मेलची वरची ओळ वाचून त्यांनी तिला फोन लावला. क्लासमध्ये फोन बंद ठेवायचा नियम, म्हणून तो लागेना. पोरगी क्लास बुडवून कुठेतरी भटकते, म्हणूनच नाव काढलं, असं त्यांनी धरलं. दामिनी काउंटरवरून उठून "काका, थांबा जी!" म्हणेपर्यंत ते वर्गात शिरले होते. भर वर्गात त्यांनी मोनाच्या कानाखाली मारली आणि दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

"नाव काहून काढलं तुझं? काय केलं तुनं?"

मोना गाल धरून उभी होती. दामिनीने लहानूंच्या हातातला फोन घेतला आणि मेल शेवटपर्यंत वाचून दाखवला. लहानूंचा चेहरा उतरला. त्यांनी मेलखालचं नाव पाहिलं, दामिनीच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं.

"हे तुमीच लिवलं?"

दामिनी म्हणाली, "मी नाही लिवलं, काका." पण नाव तर तिचंच होतं. लहानू मोनाला घेऊन गेले.

ती तडक आत गेली. पियूष हसत म्हणाला, "अरे, मेल खुला ना? मेल का काम ही खुलना है."

"घर पेटलं म्हनून वरडलं, तरी लोक दार उघडतेच," दामिनी म्हणाली. "मंग दररोज वरडता का? अन् वरडाचं तर आपल्या नावानं वरडा, माह्या नावानं काहून?"

प्रवीण सर नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांच्या घरातले, भिलाई-३ मध्ये वाढलेले. ते आपल्या भाषेत बोलतील, समजून घेतील असं तिला वाटलं. तिने त्यांना पालकांकडून आलेल्या उत्तरांची पेटी उघडून दाखवली. पियूषच्या रिपोर्टमध्ये उत्तरांना रकानाच नव्हता. एका आईने लिहिलं होतं, बीपी वाढलं, दवाखान्यात न्यावं लागलं. एकाने नुसतं विचारलं होतं, 'मैडम, हमसे क्या गलती हुई?'

"सर, सगळ्यायले माफीचा मेल टाकू. आजच."

"दामिनी, माफी मागितली का आपुन कबूल केल्यासारखं होते," सर म्हणाले. "दोन दिवसात लोक विसरते. तू भावनेनं विचार करून राहिली."

"अन् तुमी कायनं करून राहिले, सर?"

ती जागेवर आली. मेल पाठवायचं लॉगिन तिच्याकडे होतंच. तिने लिहिलं: 'आज मेरे नाम से आया मेल झूठा था। किसी बच्चे का नाम नहीं हटा है। वह मेल मैंने नहीं लिखा, पर नाम मेरा था, इसलिए माफ़ी मैं माँगती हूँ। अपने बच्चे पर भरोसा रखिए।' एकदा वाचलं आणि त्याच सगळ्या पालकांना पाठवलं. तो मेल कितीजणांनी उघडला हे तिला कधीच कळलं नाही, कारण संध्याकाळ व्हायच्या आधी तिचं लॉगिन बंद झालं आणि नोकरीही गेली.

घरी हिरालाल आधी चिडले. "इतक्या घाईनं कायले केलं? नोकरी का झाडाले लागते?" मग माफीचा मेल त्यांनी तिच्या फोनवर हळूहळू वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, "हां. हे सरळ हाय," आणि पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

आठवड्याने मोनाचा फोन आला. तिचे बाबा तिला घेऊन पुन्हा कोचिंगमध्ये गेले होते. वर्ग सुरू असताना त्यांनी दार वाजवलं, आत जाऊन उभे राहिले आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "त्या दिवशी माह्या पोरीची काही चूक नव्हती. चूक माही होती. तिनं काही केलं नव्हतं." मागे दारात प्रवीण सर उभे होते.

"मंग तू काय म्हटलं?" दामिनीने विचारलं.

"काही नाही, दीदी. रडाले आलं मले. मंग बाबा गेले, अन् शिकवणाऱ्या सरनं बोर्डावर पुढचा सवाल टाकला."

पुढे स्कॉलरशिप परीक्षेचं केंद्र बदलल्याचा मेल कोचिंगने पाठवला, तेव्हा हाही खोटाच असेल म्हणून पुष्कळ पालकांनी तो उघडलाच नाही, आणि काहींच्या फोनमध्ये तो स्पॅममध्ये पडून राहिला. पोरं जुन्या केंद्राच्या बंद फाटकापाशी उभी राहिली. मग प्रवीण सरांचा फोन आला. परत ये, पगार वाढवून देतो.

"आधी पालकांची माफी मागा. तुमच्या नावानं," दामिनी म्हणाली.

"ते सोडून बोल ना."

"मंग बोलाचंच नाही, सर."

आता ती घरूनच दोन-तीन रोपांच्या नर्सरीवाल्यांचे आणि एका शिवणक्लासचे मेल लिहिते. गिरजाबाई अजून ऐकते, अजून हटकते. पियूष त्याच कोचिंगमध्ये आहे, त्याच्या केबिनला नवीन काच लागली म्हणे. हे सांगताना दामिनीचा आवाज चढतो. समोरचा म्हणतो, जाऊ दे ना, झालं गेलं.

"झालं, पन गेलं कुठं?" ती म्हणते. "पोरीच्या गालावर बसली ना ती थापड."

आणि चहा तसाच निवून जातो.