निरापद माइतीचा हेलियम

कोलकात्याच्या त्या संशोधन संस्थेत विश्वाचं कोडं सोडवणारे पुष्कळ होते, पण त्यांना थंडी पुरवणारा माणूस एकच, निरापद माइती. हेलियमचं पातळ पाणी करणारं यंत्र त्याच्या ताब्यात होतं. हेलियम परदेशातून यायचा, म्हणून प्रयोगशाळेत त्याची वाफ झाली की ती नळीनं माघारी यंत्रघरातल्या भल्यामोठ्या रबरी पिशवीत यायची आणि कॉम्प्रेसर ती ओढून टाक्यांत कोंबायचा. कुणी नळीची झडप हवेकडं उघडी टाकली तर निरापद चारचौघांत त्याची सालटी काढायचा. त्यात त्याला गोडीही होती.

विश्वकर्मापूजेला यंत्रं विसावा घेतात. निरापदनं पिशवी रिकामी करून कॉम्प्रेसर बंद केला, त्याला झेंडूची माळ घातली, चालू करायच्या बटणावर तेलातल्या शेंदराचा टिळा लावला. आरती झाली. खिचडी आणि मटण हाणून सगळे गच्चीवर पतंग उडवायला गेले, आणि संध्याकाळपर्यंत कुणाचा पतंग कटला की "भोकाट्टा!" म्हणून ओरडत राहिले.

दुसऱ्या दिवशी आल्याआल्या त्यानं सवयीनं बटण दाबलं आणि चहा प्यायला गेला. परत येऊन टाक्यांचे काटे बघतो तर काय, कितीतरी गॅस कमी! पूजेदिवशी एकट्या तनिमा कुइला या संशोधक विद्यार्थिनीचंच उपकरण हेलियमवर होतं. निरापद तडक तिच्या प्रयोगशाळेत शिरला.

"झडप उघडी ठेवून पतंग बघत होतीस ना?"

"निरापददा, मी झडपेला हातसुद्धा लावला नाही."

"मग काय विश्वकर्म्यानं प्रसाद म्हणून खाल्ला?"

प्रयोगशाळेतले सगळे खो खो हसले. विभागप्रमुख हाजरा सरांनी तिथंच सांगून टाकलं, दुर्गापूजेची सुट्टी संपेस्तोवर हिला हेलियम बंद. तिची शिष्यवृत्ती त्याच सुट्टीत संपत होती. मोजमाप राहिलं तर प्रबंधही राहणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती उपकरणाकडं तोंड करून उभी राहिली.

दुपारी कॅन्टीनच्या नळावर हात धुताना निरापदला अंगठा लाल दिसला. कापलं म्हणून चोळून बघितलं. शेंदूर होता. सकाळी बटण दाबताना लागलेला. म्हणजे टिळा रात्रभर शाबूत होता. म्हणजे काल पूजेनंतर ते बटण कुणी दाबलंच नव्हतं. आरती झाल्यावर दाबायचं होतं त्यानंच. पिशवी फुगून तट्ट झाली असणार, वरची झडप आपोआप उघडली असणार, आणि हेलियम त्यांच्या डोक्यावरून, पतंगांच्याही वरून, निघून गेला असणार.

त्यानं साबण लावला. शेंदूर गेला. आता कुणाला कधी कळणारही नव्हतं, हे पटकन मनात आलं आणि पाठोपाठ कान तापले. माशाचा रस्सा पानातच राहिला.

तनिमा जिन्यावर बसली होती.

"तुझी चूक नव्हती, पोरी. कॉम्प्रेसर मीच चालू केला नाही."

"माहितेय. पिशवीच्या झडपेची शिट्टी काल माझ्या खिडकीत ऐकू येत होती. वाटलं, पूजा आहे, तुम्ही बघत असाल."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काय झालं असतं? 'स्वतःची चूक माझ्यावर ढकलतेस' म्हणाला असतात तुम्ही. लोक अजून हसले असते."

निरापद माघारी वळला. तो तसाच हाजरा सरांकडं गेला. चहाची वेळ होती, सकाळची सगळी मंडळी तिथं होती. तो दारातूनच म्हणाला, "सर, गॅस माझ्या हातून गेला. कॉम्प्रेसर बंद टाकून मी पतंग उडवत बसलो."

कुणी हसलं नाही. हाजरा सरांनी बिस्किट चहात बुडवलं. "अहो, सणाच्या दिवशी होतं असं, माइतीदा. बसा, चहा घ्या. तनिमाला पहिला हेलियम देऊन टाका."

होतं असं. सकाळी त्या पोरीला हे कुणी म्हटलं नव्हतं. तोही म्हणाला नव्हता. तो बसला नाही.

हेलियम तयार झाला तशी तनिमा आपलं चाकांचं भांडं ढकलत आली. ते नळीखाली लावण्याआधी ती निरापदला वळसा घालून आत गेली, कॉम्प्रेसरवर हात ठेवला, मग पिशवीकडं वर बघितलं.

"चालू आहे गं," निरापद म्हणाला.

"बघते मी," ती म्हणाली.

तो बाजूला सरकून उभा राहिला आणि तिचं बघून होईस्तोवर मान खाली घालून थांबला.