चपला कोण राखणार?

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला की काकू प्रथम उजवा अंगठा अलिबागवर ठेवत. डावा तळवा गणपतीपुळ्यावर जाई आणि मधल्या काशीद-मुरुडवर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी बसे. एवढी व्यवस्था झाली की समोरच्याकडे पाहून त्या म्हणत, "ही गर्दीची ठिकाणं झाकली. आता उरलेलं बोल."

उरलेलं म्हणजे कोकणचा तो सगळा खडबडीत किनारा, जिथे डोंगर थेट समुद्राच्या तोंडाशी येऊन थांबतात, जांभ्याचे कडे सरळ पाण्यात उतरतात आणि दोन भूशिरांच्या मध्ये कुठेतरी वाळूची एखादी लहान पुळण लपलेली असते. अशी पुळण शोधणे हा काकूंनी बँकेतून निवृत्त झाल्यावर स्वतःला लावून घेतलेला उद्योग होता. हिवाळ्यात एक किनारा निवडायचा, मिनीबस ठरवायची आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतल्या बायकांना तिथे न्यायचं. फक्त बायकांना.

मी याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वाढले. सागरविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला त्या आठवड्यात काकूंनी मला जिन्यात अडवलं. अभिनंदन वगैरे काही नाही. "समुद्र शिकतेस म्हणे. चहाला ये, आणि उपयोगाचं काही येत असेल तर तेही घेऊन ये."

मी लॅपटॉप घेऊन गेले. किनारा निवडणे ही माझ्या दृष्टीने सुटण्याजोगी समस्या होती: निकष ठरवावेत, प्रत्येकाला भार द्यावा, गुण काढावेत. पर्यटकांनी इंटरनेटवर दिलेले तारेही मी एका रकान्यात घेतले होते. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तारे दिलेत म्हणजे तिथे माणसं आहेत, एवढंच यातून कळतं. काढ तो रकाना." मग त्यांनी स्वतःचा एकमेव निकष सांगितला. "तिथे चपला कोण राखणार, हे आधी विचारायचं."

हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. एखादं कुटुंब किनाऱ्यावर येतं. पुरुष विजारी दुमडतात, मुलं पाण्याकडे धावतात आणि कुणी काही न ठरवता चपलांचा, मोबाइलचा, चष्म्यांचा, पाकिटांचा ढीग एका बाईच्या पुढ्यात जमा होतो. ती चटई अंथरते आणि बसते. तिला पाण्यात जाऊ नकोस असं कुणीही म्हटलेलं नसतं. त्यामुळे तक्रार करायलाही जागा नसते. काकूंनी लग्नापासून ही राखण केली होती. बँकेत त्यांच्या सहीवाचून कर्ज मंजूर होत नसे. अलिबागला मात्र त्या चपलांच्या अधिकारी. "नवरा वाईट नव्हता गं," त्या सांगत. "परत आला की विचारायचा, तुला नाही का यायचं? ओला टॉवेल माझ्या हातात देऊन विचारायचा."

तेव्हा जिथे चपला वाळूवर सोडून सगळ्यांना एकदम पाण्यात शिरता येईल, तोच किनारा पात्र. माझा आक्षेप असा की निर्मनुष्य किनाऱ्यावर कुणी पाण्याच्या ओढीत सापडलं तर बाहेर काढायलाही माणूस नसतो. म्हणून मी माझे निकष पुढे रेटले: खाडीच्या मुखाजवळ नको, एकदम खोल होणारा तळ नको, ओहोटीच्या भरात पाण्यात उतरणं नको. हे त्यांनी एका शब्दात मान्य केलं. पोकळ धाडसाचा त्यांना तिटकारा होता. भूशिरांवर लाटांची शक्ती एकवटते आणि मधल्या वळणात ती विखुरते, हे मी आकृती काढून समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पुढे आलेल्याला मार आणि आत दडलेल्याला आराम. आमच्या ऑफिसचाच नकाशा आहे हा."

पहिल्या सहलीला मी होते. कड्याच्या पायवाटेने सगळ्याजणी खाली उतरल्या. समोर एक रिकामी, स्वच्छ पुळण. माणूस सोडा, कुत्रंही नव्हतं. बायकांनी चपला काढल्या, त्या नीट जोडीने एका जागी मांडल्या आणि त्यांच्याभोवती गोल करून बसल्या. चिवड्याचा डबा उघडला गेला. तळमजल्यावरच्या मावशींनी सवयीने सगळ्यांच्या पर्सेस मांडीवर घेतल्या.

काकू तोवर गुडघाभर पाण्यात पोहोचल्या होत्या. मागे कुणीच नाही हे लक्षात आल्यावर त्या वळल्या. मग त्या ओरडल्या, "अगं, कुणाच्या राखताय? सगळ्या इथेच आहात ना!"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. हा मुद्दा कुणाच्या मनात आलाच नव्हता.

"सवय हो, काकू," मावशी म्हणाल्या. "आणि नेल्या कुणी तर?"

"तर अनवाणी जाऊ घरी! नवरात्रात टेंभी नाक्याला देवीला जाता ना अनवाणी? तेव्हा नाही काटे टोचत?"

मावशी हसता हसता उठल्या, पर्सेस वाळूवर ठेवल्या, साडीखाली दडवून आणलेल्या मुलाच्या ट्रॅकपँटचं गुपित उघड केलं आणि निघाल्या. मग कुणीच बसून राहिलं नाही. परतताना बसच्या सगळ्या सीट ओल्या झाल्या, ड्रायव्हर माजिवड्यापर्यंत कुरकुरत राहिला आणि काकूंनी त्याला प्रत्येक सिग्नलला चिवडा दिला.

अशा काही सहली झाल्या. मग काकू पडल्या. कड्यावरून नव्हे, शेवाळलेल्या खडकावरूनही नव्हे. गोखले रोडच्या फुटपाथवर, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आत धातूची पट्टी बसली आणि हातात वॉकर आला. तो आता सुटणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्यांचा मुलगा डोंबिवलीत राहतो. दर रविवारी येई, औषधं लावून ठेवी, नळाची गळती पाही. शहाणा, प्रेमळ माणूस. एका रविवारी मी तिथे असताना काकूंनी नकाशा मागितला. त्याने तो दिला नाही.

"आई, समुद्र बास झाला आता."

"मी पडले कुठे?"

"तो मुद्दा नाहीये."

"तोच मुद्दा आहे. पडले गोखले रोडवर. तर गोखले रोड बंद करा. समुद्राने माझं काय केलंय?"

"तुला समुद्र बघायचाच आहे ना? मी सी-व्ह्यू रूम बुक करतो. बाल्कनीत खुर्ची टाकून बस दिवसभर."

"बघायला मी काय परीक्षक आहे?" काकू म्हणाल्या. "मला त्यात जायचंय. गळ्यापर्यंत."

तो माझ्याकडे वळला. "तू तरी सांग हिला. तू सायन्सवाली आहेस."

मी सायन्सवाली होते म्हणूनच मला त्याच्या बाजूने बोलता आलं नाही. मी एवढंच सांगितलं की छातीइतक्या पाण्यात शरीराचा बराचसा भार पाणी उचलतं, पायांवर थोडाच उरतो. काकूंनी सावकाश विचारलं, "म्हणजे तिथे मी वॉकरशिवाय उभी राहीन?"

"तत्त्वतः, हो."

"तत्त्वतः नको. किनारा सांग."

त्या दिवसापासून आम्हा दोघींपुढे एकच प्रश्न उरला. पडल्यापासून काकू काहीही न धरता उभ्या राहिल्या नव्हत्या. न्हाणीघरात दांडी, पलंगाशी वॉकर, जिन्यात कुणाचा तरी दंड. पूर्वी त्यांना समुद्रात जायचं होतं. आता त्यांना एकदा, कुणालाही न धरता उभं राहायचं होतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी परवानगी दिली, पण अटींसह: शांत पाणी, सपाट तळ, आणि पाण्यात उतरेपर्यंत दोन्ही बाजूंनी आधार.

जुने सगळे किनारे बाद झाले. तिथे पायवाटा होत्या. भरतीला पाणी जवळ येतं, पण वरची कोरडी वाळू भुसभुशीत, वॉकरचे पाय रुततात. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट, पण पाणी दूर जातं. मी कितीतरी संध्याकाळी उपग्रहचित्रं चाळली. शेवटी एका भूशिराच्या आडोशाला लहान मच्छीमार गाव सापडलं. होड्या ओढायला तिथे सिमेंटचा रुंद उतार होता, रस्त्यापासून थेट पाण्यात जाणारा. बाकी सर्व निकषांना तो उतरत होता. फक्त काकूंच्या निकषाला नाही. तिथे वस्ती होती, मासळी उतरवणाऱ्या बायका होत्या, म्हणजे येणारे-जाणारे आलेच. मी तसं सांगितलं.

काकूंनी पडद्यावरचा तो करडा पट्टा बराच वेळ न्याहाळला. "त्या रोज कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहतात," त्या म्हणाल्या. "त्यांना माझं काय अप्रूप? हेच धर."

गावाचं नाव मी लिहीत नाही. काकूंची तशी ताकीद होती: नाव छापून आलं की पुढच्या हिवाळ्यात तिथे भेळेची गाडी उभी राहील.

मुलाने शेवटपर्यंत संमती दिली नाही. निघण्याच्या सकाळी मात्र तो स्वतःची गाडी घेऊन इमारतीखाली उभा होता. "रिक्षाने जाशील नाहीतर," एवढंच म्हणाला आणि त्याने वॉकर डिकीत ठेवला.

काकू त्याच वर्षी पावसाळ्यात न्यूमोनियाने गेल्या. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "भारीच हट्टी होत्या, नाही?" मान हलवायला सगळे तयार होते. मी मान हलवली नाही. मी सांगितलं की कारण नसताना धरला जातो तो हट्ट. काकूंकडे प्रत्येक वेळी कारण असे आणि ते कुणालाही तपासून पाहता येत असे. अशा घरात असं बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलेन. माणूस गेल्यावर त्याच्या निर्णयांना स्वभावदोष ठरवायची आपल्याकडे फार घाई असते, आणि तो माणूस बाई असेल तर जरा जास्तच.

मी तसं बोलते, कारण त्या दिवशी समुद्रात काय झालं ते मी पाहिलं आहे. जानेवारीची सकाळ, पाणी तळ्यासारखं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मावशी. सिमेंट संपलं तिथे वॉकर ठेवला आणि आम्ही पाण्यात उतरलो. गुडघे, कंबर, छाती. काकूंचा माझ्या मनगटावरचा भार पावलागणिक कमी होत होता. मला तो मोजता आला असता. पाणी खांद्याला लागलं तेव्हा त्या थांबल्या.

"सोड."

"काकू, थोडं थांबू या."

"सोड म्हणते ना. मी बुडायला आले नाही, उभी राहायला आलेय."

आम्ही सोडलं. त्या हलल्या, सावरल्या आणि उभ्या राहिल्या. दोन्ही हात त्यांनी पाण्याबाहेर काढले, रिकामे. मागे उतारावर त्यांचा मुलगा बुटांसकट पाण्यात शिरला होता आणि ओरडत होता, "आई, पुरे! झालं ना आता? मागे ये!"

काकूंनी ते ऐकलं. मान वळवली नाही. क्षितिजाकडे तोंड करून त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं.